शेपटीतला ‘ना’

लिफ्टवाल्याला एक वाक्य काही केल्या बोलता येईना.

वाक्य अवघड नव्हतं. ‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ झालं, एवढंच. पण ‘जीव’ हा शब्द जवळ आला की त्याच्या तोंडचं पाणी पळायचं आणि तो भलतंच काहीतरी विचारून मोकळा व्हायचा. एकदा सरावात त्यानं समोर बसलेल्याच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, “तुमच्या मनात... म्हणजे, जेवणाची वेळ काय असते तुमची?” सगळा वर्ग खो खो हसला. तोही हसला. पाय मात्र थरथरत होते. ते त्यानं खुर्चीखाली ओढून घेतले होते, म्हणून कुणाला दिसले नाहीत.

हा वर्ग दातांच्या दवाखान्याच्या वर दोन खोल्यांत भरायचा. खालून दात कोरायच्या यंत्राची घरघर यायची, आणि एखाद्याची किंकाळी ऐकू आली की वरची मंडळी म्हणायची, “सुटला बिचारा.” वर बसलेले सगळेच कशा ना कशातून उठलेले होते. कुणी दारूतून, कुणी झोपेच्या गोळ्यांच्या सवयीतून, कुणी अंथरुणातून उठू न देणाऱ्या उदासीतून. आता त्यांनी शिकायचं आणि नुकत्याच उठू पाहणाऱ्या माणसाच्या सोबतीला जायचं, असं ते काम. त्या दोन खोल्यांच्या केंद्रात या कामाला नाव होतं ‘सोबती’. सोबती डॉक्टर नव्हे, त्यानं औषध सांगायचं नाही. तो कीर्तनकारही नव्हे, त्यानं उपदेश करायचा नाही. ‘मला सगळं समजतं’ असं म्हणायचं नाही, कारण समजत नसतं. आणि जिवावर बेतणारी गोष्ट गुपित ठेवीन, असा शब्द कुणाला म्हणजे कुणाला द्यायचा नाही.

शिकवायला ताई होत्या. त्या स्वतः तरुणपणी मनोरुग्णालयाच्या बंद वॉर्डात राहून आलेल्या होत्या आणि ते लपवत नसत. बोलणं मऊ, पण कान भलतेच तिखट. वर्गातला म्हाताऱ्यातला म्हातारा विद्यार्थीही त्यांना ‘ताई’च म्हणायचा आणि वचकून असायचा.

“लिफ्टवाले,” त्या म्हणाल्या, “हसून झालं? आता पुन्हा.”

लिफ्टवाला पुन्हा समोरच्याकडे वळला. “शेठ... वेडंवाकडं काही मनात नाही ना?”

“थांबा. या वाक्याच्या शेपटीला काय आहे?”

“ना.”

“तो कशाला आला?”

मग ताईच म्हणाल्या, “असं विचारल्यावर समोरचा काय म्हणणार? ‘छे छे!’ अहो, तुम्ही त्याला प्रश्न विचारलाच नाहीत, उत्तर सांगितलंत. हा ‘ना’ म्हणजे हात जोडणं आहे. बाबा रे, नाही म्हण, मला घाबरवू नकोस. तो बिचारा आधीच सगळ्यांना त्रास झाला म्हणून ओशाळलेला असतो. तो तुमची सोय बघतो आणि नाही म्हणतो.”

“पण ताई, उघड विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलं भरलं तर?”

“भरत नाही. असेल तर बाहेर यायला वाट मिळते. नसेल तर तो म्हणेल, काहीतरीच काय विचारता. बिघडलं काय?”

हे त्याला पटलं. पण पटणं वेगळं आणि जीभ वळणं वेगळं.

लिफ्टवाला आता पन्नाशीला टेकला होता. मिसरूड फुटायच्या वयात तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली लागला आणि तिथंच केस पांढरे केले. कामात चोख. विजेचा खटका बंद करून त्यावर स्वतःचं कुलूप घातल्याशिवाय तो लिफ्टच्या खड्ड्यात पाऊल टाकत नसे. बरोबरचे त्याला भित्रा म्हणायचे. तो म्हणायचा, “भितो म्हणून तर घरी जेवायला जातो.” ती भीती त्याला कळायची. तिला कारण होतं, तिच्यावर कुलूप घालता यायचं.

मग आजारपण आलं. कुणी मेलं नव्हतं, कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं. लोकांना नेमकं हेच पटत नाही. आजाराला एखादं भरभक्कम कारण दिलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. लिफ्टवाल्याकडे द्यायला कारणच नव्हतं. सकाळी उठावंसं वाटेना, मग कुणाशी बोलावंसं वाटेना, मग असावंसंच वाटेना. तरी तो कामावर जात राहिला. लिफ्टचं बरं असतं, बिघाड झाला की ती बंद पडते. माणूस बिघडला तरी चालूच राहतो आणि घरच्यांना वाटतं, ठीक चाललंय.

त्या काळात बायको रोज दारात त्याच्या हातातली पिशवी घेता घेता विचारायची, “अहो, बरं वाटतंय ना?” आणि तो म्हणायचा, “हो.” यात बायकोची चूक काढायची कुणाला हौस असेल तर त्यानं आधी आपल्या घरात आपण कसं विचारतो ते आठवावं. ती माउली घाबरलेली होती. तोही घाबरलेला होता. दोघं एकमेकांना सांभाळत होती, आणि त्या सांभाळण्यात एका दुपारी त्यानं स्वतःला संपवायचा प्रयत्न केला. कसा, ते सांगायचं कारण नाही. मेला नाही, एवढं पुरे.

इस्पितळातून आल्यावर मालकानं त्याला परत घेतलं, पण कारखान्यातल्या टेबलावर, लिफ्टच्या दारांची कुलपं दुरुस्त करायला. खड्ड्यात उतरायचं नाही, असं त्यानं स्वतःच सांगितलं. खोल उतरायची भीती नव्हती. स्वतःची होती. सोबतीचा वर्गही त्यानं लोकसेवा म्हणून धरला नव्हता. दुसऱ्याला धरून ठेवलं तर आपणही उभे राहू, असा त्याचा साधा हिशेब होता, आणि त्याची त्याला थोडी लाजही वाटायची.

शिकता शिकताच ताईंनी त्याला पहिला माणूस दिला: बेकरीवाला. त्याची दारू सुटली होती, पण दारूच्या पुरात संसार आधीच वाहून गेला होता. बेकरी आता धाकटा भाऊ चालवायचा, आणि हा दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. मधे एकदा फार खचला म्हणून महिनाभर इस्पितळात होता. माणूस मात्र गप्पिष्ट आणि महाविनोदी. पहिल्याच भेटीत त्यानं दार उघडून लिफ्टवाल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, “या मेकॅनिकसाहेब. मी वर जाताना अडकलोय की खाली येताना, तेवढं बघा.”

लिफ्टवाला दर आठवड्याला जाऊ लागला. दोघं चहा प्यायचे. दोघं मिळून बाजारातून भाजी आणायचे, कारण बेकरीवाल्याला दारूच्या दुकानावरून एकट्यानं जायची धास्ती वाटायची. लिफ्टवाला आपल्या आजारपणाचं थोडं थोडं सांगायचा. बेकरीवाला ऐकायचा आणि मधेच असा काही टोला हाणायचा की लिफ्टवाल्याला ठसका लागायचा. इतकं हसू त्याच्या वाट्याला कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तो या भेटीची वाट बघायला लागला होता.

पण बेकरीवाला कधी कधी बोलता बोलता थांबायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. ते बघणं लिफ्टवाल्याच्या ओळखीचं होतं. अशा वेळी विचारायला हवं होतं. तो विचारायचा, “चहा टाकू का?”

एका भेटीत बेकरीवाल्याचा नूरच वेगळा होता. दाढी घोटून केलेली, खोली लखलखीत, खिडक्या पुसलेल्या. भिंतीकडे बघणं नाही, चिडचिड नाही. चेहऱ्यावर परीक्षा संपल्यासारखी शांतता. माशांची काचपेटी जागेवर नव्हती. “शेजारच्या पोरांना दिली,” तो म्हणाला. भावाला बोलावून त्यानं केकच्या मिश्रणाचं माप समजावून दिलं होतं. ते आजवर त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं, भावालाही नाही. मग आतून तो एक खोकं घेऊन आला. आत काळे, चामड्याचे, एकदा-दोनदा घातलेले बूट.

“घ्या. तुमच्याच मापाचे आहेत. तुमची ती होडकी बघवत नाहीत.”

लिफ्टवाल्याला भरून आलं. माणूस सुधारला, त्याला वाटलं. आपल्या हातून सुधारला. निघताना दारात, खोकं काखेत धरून, त्याला ताईंची आठवण झाली आणि त्यानं विचारलंही, “शेठ, आता वेडंवाकडं काही मनात नाही ना?”

“छे हो!” बेकरीवाला हसला. “आता सगळं मार्गी लागलंय.”

लिफ्टवाला जवळजवळ उड्या मारत केंद्रात गेला. त्या संध्याकाळी सगळ्या सोबत्यांची बैठक होती, आणि आपली पाळी येईपर्यंत त्याला दम धरवत नव्हता. त्यानं सगळं सांगितलं: दाढी, खिडक्या, हसणं. ताई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू काही उमटेना.

“विचारलंत?”

“विचारलं तर!”

“कोणत्या शब्दांत? जसंच्या तसं म्हणा.”

तो म्हणू लागला. “शेठ, आता वेडंवाकडं काही मनात नाही...” आणि तिथंच अडकला. शेवटचं अक्षर तोंडात तसंच राहिलं. ते बाहेर काढायची गरजही नव्हती, खोलीतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

“त्या खोक्यात काय आहे?” ताईंनी विचारलं.

“बूट. त्यांनी दिले.”

“आणखी कुणाला काय काय दिलं त्यांनी?”

मासे. केकचं माप. बूट. लिफ्टवाल्यानं खोकं खाली ठेवलं. सगळं मार्गी लागलंय. हे वाक्य त्याला कळायला हवं होतं. ज्या माणसानं स्वतः अगदी अशीच आवराआवर केली होती, आपली कामाची हत्यारं पुसून, नावं घालून, शेजाऱ्याच्या हवाली केली होती, त्याला तरी कळायला हवं होतं! कळलं नाही, कारण त्याला कळून घ्यायचंच नव्हतं. बेकरीवाला बरा असला तर आपण बरे. तो ‘ना’ बेकरीवाल्यासाठी नव्हताच, तो लिफ्टवाल्यानं स्वतःसाठी लावला होता.

ताईंनी फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. भावाचा फोन लागेना. “तुम्ही निघा,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला ते दार उघडतील. मी डॉक्टरांना कळवते, भावाला गाठते आणि मागोमाग येतेच. दार उघडलं की बसायचं आणि विचारायचं. नाही उघडलं तर शेजाऱ्यांना हाक मारायची, मला फोन करायचा. आणि लिफ्टवाले...”

“काय?”

“घाबरलात तरी चालेल. फक्त तसंच विचारा.”

तो रस्त्यावर आला तेव्हा दुकानांचे दिवे लागत होते. बसची वाट बघायचा धीर नव्हता. तो चालू लागला, मग पळू लागला, मग दम लागून एका खांबाला धरून उभा राहिला. लोक खरेदी करत होते. एक बाई कलिंगडावर टिचक्या मारून बघत होती. त्याला तिचा राग आला. सगळं इतकं नेहमीसारखं कसं चाललंय? डोक्यात एकच गोष्ट घोळत होती: दार उघडणार नाही. आपण वाजवत राहू आणि दार उघडणार नाही. आपण त्याला दारात उभे राहून विचारलं आणि काखेत खोकं घेऊन निघून आलो. आणि त्याहूनही खाली, तळाशी, एक काळी भीती होती, तिचं नाव घ्यायला तो धजत नव्हता: हा गेला तर मीही जाईन. तो मोठ्यानं म्हणाला, “नाही.” कलिंगडं बघणाऱ्या त्या बाईनं दचकून मागं पाहिलं.

त्यानं दार वाजवलं. काहीच नाही. पुन्हा वाजवलं. आत नळ चालू असल्याचा आवाज येत होता. त्यानं दोन्ही हातांनी दार बडवायला सुरुवात केली, तेव्हा नळ बंद झाला आणि दार उघडलं.

बेकरीवाला ओल्या हातांनी उभा होता. ओट्यावर भांडी धुऊन पालथी घातलेली होती. तो थकलेला दिसत होता, पण सवय सुटते थोडीच? “काय झालं? बूट चावले?”

लिफ्टवाल्याला हसू आलं नाही. आत येऊन, दोन खुर्च्या समोरासमोर ओढून तो एकीवर बसला. पाय थरथरत होते. या वेळी त्यानं ते लपवले नाहीत.

“बसा शेठ. मघाशी मी तुम्हाला चुकीचं विचारलं.”

बेकरीवाला बसला.

“तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?”

वाक्य बाहेर पडलं. खोलीत काही कोसळलं नाही. बेकरीवाला त्याच्याकडे बघत राहिला. चेहऱ्यावरचं ते गुळगुळीत हसू हळूहळू उतरलं आणि खालून एक म्हातारा, दमलेला माणूस वर आला.

“हो,” तो म्हणाला.

लिफ्टवाल्याला उठून पळावंसं वाटलं. तो बसून राहिला.

“आज?”

“आजच.”

“काही जमवून ठेवलंय?”

बेकरीवाल्याची नजर आतल्या खोलीतल्या कपाटाकडे गेली.

“किल्ली माझ्याकडे द्याल?”

बेकरीवाल्यानं खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली, पण वर आपला पंजा तसाच ठेवला. लिफ्टवाल्यानं फोन काढला.

“कुणाला लावताय?”

“ताईंना. त्या निघाल्याच आहेत. आम्ही दोघं मिळून...”

“मी तुम्हाला सांगितलं!” बेकरीवाला ओरडला. “गावाला नाही सांगितलं! माझ्या घरात बसून चहा प्यायलात, बूट घेतलेत, आणि आता चहाडी करताय?”

“हो, करतोय. हे गुपित मला ठेवता येणार नाही.”

“निघा. चालते व्हा इथून.”

“नाही जाणार.”

“मग तोंड बंद ठेवा.”

लिफ्टवाल्यानं तोंड बंद ठेवलं. फोन मात्र लावला, ताईंचा आवाज ऐकला, “हो म्हणाले, मी इथंच आहे,” एवढंच बोलला आणि फोन चालू ठेवून मांडीवर ठेवला. बेकरीवाल्यानं मान फिरवली. शेजारच्या घरात पोरं माशांना नावं देत होती, त्यावरून त्यांची भांडणं लागली होती. ती ऐकत दोघं बसून राहिले. लिफ्टवाल्याला वाटत होतं, आता हा आपल्याशी जन्मात बोलणार नाही. नसेना का बोलत. पण ते वाटणंही फार लागत होतं.

बऱ्याच वेळानं बेकरीवाला भिंतीकडे बघतच म्हणाला, “तुम्ही कुणाला सांगितलं होतं? तुमच्या वेळी?”

“नाही.”

“मग वाचलात कसे?”

“बायको चष्मा विसरली होती. तो घ्यायला ती बस सोडून परत आली. विसरली नसती तर संपलं होतं, शेठ. मी एका चष्म्यामुळे वाचलो. अजून आठवलं की अंगावर काटा येतो. तुमचं तसं नशिबावर सोडायची माझी छाती नाही. तुम्ही माझ्यावर रागवा, पुन्हा दारात उभं करू नका, चालेल. पण मला फार भीती वाटतेय आणि मी इथून हलणार नाही.”

बेकरीवाल्याचे खांदे हलायला लागले, आणि तो रडतोय हे कळायला लिफ्टवाल्याला एक क्षण लागला, कारण रडण्याचा आवाज नव्हता. पंजा हळूहळू टेबलावरून सरकला. किल्ली तिथंच राहिली. लिफ्टवाल्यानं ती उचलून खिशात टाकली.

मांडीवरच्या फोनमधून ताईंचा आवाज आला. त्या इमारतीच्या दारात पोहोचल्या होत्या, डॉक्टर बरोबर होते, कोणत्या जिन्यानं यायचं ते विचारत होत्या.

लिफ्टवाला सांगणार, एवढ्यात बेकरीवाल्यानं बाहीनं नाक पुसलं.

“डावीकडच्या जिन्यानं,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “आणि त्यांना म्हणावं, जपून या. वळणावरची पायरी तुटलीय, अंधारात दिसत नाही. पडायच्या बिचाऱ्या.”